किरणांचा डोस आणि घड्याळ : वाचकांचे प्रश्न

किरणोत्सर्गाविषयी प्रश्न मागवल्यावर चेंबूरपासून तळोज्यापर्यंत पत्रं आली. विषय वेगवेगळे, पण बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलंय : डोस आणि डोस रेट यांची सरमिसळ. विजेच्या बिलावर युनिट येतात तसा डोस. या क्षणी किती वॅट ओढले जाताहेत, तो डोस रेट. डोस ग्रे किंवा सिव्हर्टमध्ये मोजतात (क्ष-किरण आणि गॅमा किरणांसाठी दोन्ही आकडे जवळपास सारखे), आणि रेट ताशी किंवा मिनिटाला. उत्तरांत शक्य तिथे हिशेब पूर्ण मांडला आहे, म्हणजे स्वतःचे आकडे घालून तो कुणालाही पुन्हा करता येईल.

प्रश्न : ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आमच्यापासून जवळच. ऑनलाइन एक स्वस्तातलं गायगर मीटर मागवलं. हॉलमध्ये आकडा ताशी ०.०९ ते ०.१५ मायक्रोसिव्हर्ट असा नाचतो, ग्रॅनाइटच्या ओट्यावर ०.२८ येतो, आणि जूनच्या पहिल्या पावसात बाल्कनीच्या कठड्यावर ०.१९ झाला. अलार्म ०.३० ला लावलाय. काळजी करावी का? (वाचक, चेंबूर)

नको. आकडा का नाचतो ते आधी पाहू. अशा मीटरमध्ये काचेची बोटभर लांब नळी असते आणि ताशी १ मायक्रोसिव्हर्ट असताना ती मिनिटाला साधारण १५० वेळा टिकटिकते. ०.१२ म्हणजे मिनिटाला १८ टिकटिक. किरणं काही वेळापत्रकाने येत नाहीत, त्यामुळे १८ च्या मोजणीत त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ४ चा, फरक आपसूक पडतो. कधी १४, कधी २२. पडद्यावर तेच ०.०९ आणि ०.१५ दिसतं. मीटर एका जागी ठेवून दहा मिनिटांची एकूण मोजणी घ्या. १८० मध्ये चूक १३ ची, म्हणजे सात टक्के. एवढं केल्याशिवाय दोन खोल्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता ओटा. मुंबईच्या पोटात बेसॉल्ट आहे. त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असल्याने इथली नैसर्गिक पातळीही कमीच असते. ग्रॅनाइटमध्ये हे तिन्ही जास्त. शिवाय तुमच्या नळीला धातूचं आवरण नसेल तर दगडातून निघणारे बीटा कणही ती मोजते आणि त्यांना गॅमा समजून आकडा फुगवते. करून बघायचं तर ओट्यावर स्टीलची दोन-तीन ताटं एकावर एक ठेवा आणि त्यावर मीटर ठेवा. जेवढा आकडा खाली आला तेवढा बहुतांशी बीटाचा; शरीराच्या आत पोचणाऱ्या डोसशी त्याचा संबंध नाही. ताटं न ठेवता आलेला ०.२८ च धरला तरी हॉलपेक्षा वाढ ०.१६ ची. रोज तीन तास ओट्यापाशी, वर्षाचे ३६५ दिवस : ०.१६ × ३ × ३६५ = १७५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.१८ मिलीसिव्हर्ट. जगातल्या माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात.

पावसाचं कारण वेगळं. हवेत रेडॉन वायू असतो आणि त्याच्यापासून तयार होणारे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ धुळीला चिकटून राहतात. पहिली सर त्यांना खाली आणते. त्यांची अर्धायुष्यं (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) २७ आणि २० मिनिटं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पुन्हा होता तिथे येतो. तसा आला नाही तरच विचार करायचा.

अलार्म ०.३० वर ठेवलात तर अर्ध्या रात्री तो घर जागं करील. १ वर ठेवा. दहा मिनिटांच्या सरासरीत १ पेक्षा जास्त आलं आणि दोन-चार मीटर सरकल्यावर आकडा स्पष्ट कमी होत असेल, तर जवळपास स्रोत आहे असं समजा. मुंबईत भिंतीला भिंत लागलेली असते, त्यामुळे शेजारचं कुणी नुकतंच हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन करून आलेलं असण्याचीच शक्यता अधिक. स्कॅनसाठी दिलेल्या टेक्निशियमचं अर्धायुष्य ६ तास, फ्लोरिन-१८ चं दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी मीटर शांत होतं. झालं नाही तर ११२ ला फोन करा आणि अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. स्रोत शोधत स्वतः फिरू नका.

प्रश्न : छातीच्या एक्स-रेचा डोस ०.०२ मिलीसिव्हर्ट, पण तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात दिला जातो असं वाचलं. गणित केलं तर रेट ताशी ३.६ सिव्हर्ट निघतो. चार सिव्हर्टला तर माणूस दगावतो म्हणतात! आणि वडिलांचे दोन सीटी स्कॅन महिन्याच्या अंतराने केले तर धोका कमी होईल का? (वाचक, डोंबिवली)

तुमचं गणित बरोबर आहे. हा रेट खरंच प्रचंड आहे, आणि तरीही तो बिनमहत्त्वाचा आहे. कारण पेशीच्या आत बघितल्याशिवाय कळत नाही.

गॅमा किंवा क्ष-किरण शरीरात शिरले की इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन पेशीतून एक वाट काढत जातो. १ मिलीग्रे डोसला सरासरी प्रत्येक पेशीकेंद्रकातून अशी साधारण एक वाट जाते. एक वाट उमटायला सेकंदाचा अब्जावा भागही लागत नाही. तुम्ही एक्स-रे पन्नासाव्या सेकंदात काढा की तासभर मंद किरणं सोडून काढा, त्या एका वाटेला काही फरक पडत नाही. रेटला किंमत येते ती त्याच केंद्रकात पहिल्या वाटेने केलेली मोडतोड दुरुस्त होण्याआधी दुसरी वाट येते तेव्हा. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एका ठिकाणी तुटल्या की पेशी ती टोकं जोडते. पण त्याच वेळी दुसऱ्या गुणसूत्राची तुटकी टोकं शेजारी असली तर भलत्या टोकाला भलतं टोक जोडलं जातं. १ ग्रेला एका पेशीत असे ३०-४० दुहेरी तुकडे पडतात. त्यातले बरेचसे अर्ध्या तासात जोडले जातात, उरलेल्यांना काही तास लागतात, आणि एका दिवसात काम बहुतेक उरकतं.

म्हणून परिणामाच्या सूत्रात दोन पदं असतात. एक डोसच्या प्रमाणात वाढतं, ते एकाच वाटेने झालेल्या इजेचं. दुसरं डोसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, ते दोन वाटांच्या गाठीभेटीचं. रेट मंदावला की दुसरं पद आकसतं; पहिलं जागचं हलत नाही. ०.०२ मिलीग्रेला सरासरी पन्नासात एखाद्या केंद्रकातून एक वाट जाते. दुसरी येणार कुठून?

सीटीचंही तेच. पोटाच्या सीटीचे ८-१० मिलीसिव्हर्ट महिन्याच्या अंतराने पुन्हा घेतले काय आणि त्याच आठवड्यात घेतले काय, किरणांचा धोका बेरजेनेच ठरतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाचा ढोबळ गुणक १ सिव्हर्टमागे सुमारे ५ टक्के धरला तर १० मिलीसिव्हर्टचा हिशेब दोन हजारांत एक असा येतो, आणि वयस्क माणसाला त्याहूनही कमी. भारतात आयुष्यभरात साधारण नवातल्या एकाला कॅन्सर होतो, त्या तुलनेत हे पाहा. डॉक्टर दोन सीटींत अंतर ठेवतात ते अनेकदा कॉन्ट्रास्ट औषधाचा मूत्रपिंडावर ताण पडू नये म्हणून. तपासणी खरोखर हवी असेल तर किरणांच्या भीतीने पुढे ढकलू नका. मात्र आधीच्या सीटीची सीडी बरोबर न्या. नवा डोस टाळण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग, आणि सगळ्यात जास्त वेळा घरी विसरला जाणारा.

प्रश्न : थायरॉइडच्या ऑपरेशननंतर परळला किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेऊन सासूबाई घरी आल्या. कार्डावर "१ मीटरवर ताशी २० मायक्रोसिव्हर्ट" लिहिलंय. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलीसिव्हर्ट, ती तर ५० तासांतच संपेल! घर एका खोलीचं, मुलगा चार वर्षांचा. (वाचक, लालबाग)

रेट टिकून राहिला असता तर संपली असती. आयोडीन-१३१ चं स्वतःचं अर्धायुष्य ८ दिवस, पण ग्रंथी काढलेल्या माणसाच्या शरीरातून ते लघवीवाटे झपाट्याने निघतं आणि एका दिवसात निम्मं होतं असं धरणं वावगं नाही. तेव्हा एकूण डोस = २० × २४ × १.४४, म्हणजे सुमारे ६९० मायक्रोसिव्हर्ट (१.४४ हा अर्धायुष्यावरून सरासरी आयुष्य काढण्याचा गुणक). तोही चोवीस तास एक मीटरवर बसून राहिल्यावर. दिवसातले आठ तास धरले तर २३०, म्हणजे ०.२३ मिलीसिव्हर्ट. घरी सोडण्यासाठी नियामक मर्यादा १ मीटरवर ताशी ५० ची आहे, ती याच हिशेबाने.

अंतराकडे मात्र बघा. दोन मीटरवर रेट चौथा हिस्सा. मूल मांडीवर घेतलं, म्हणजे तीस सेंटिमीटरवर, तर पहिल्या दिवशी तो दहापट होऊ शकतो. आजीच्या कुशीत तासभर झोपलं की ०.२ मिलीसिव्हर्ट. म्हणून पहिले काही दिवस मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपवा, किंवा शक्य असेल तर आत्याकडे पाठवा. कार्डावर दिवस लिहिलेले असतात, ते पाळा. आजींनी पाणी भरपूर प्यावं, संडासात दोनदा पाणी सोडावं, ताट-पेला आणि टॉवेल वेगळे ठेवावेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही दूरच राहावं.

प्रश्न : तळोज्याला वेल्डिंगच्या रेडिओग्राफीत, म्हणजे जोड किरणांनी तपासण्याच्या कामात, हेल्पर आहे. इरिडियमचा कॅमेरा, म्हणजे किरणोत्सारी सोर्स ठेवलेली पेटी, वापरतो. मागे एकदा सोर्स बाहेर नेणाऱ्या गाइड ट्यूबमध्ये अडकला तेव्हा सिनियर म्हणाला, "दहा सेकंद हात लागला तर काही होत नाही, बॅजवर पण काही येणार नाही." खरं का? (वाचक, तळोजा)

छातीवरच्या डोस नोंदणाऱ्या बॅजवर फारसं येणार नाही, हे खरं. बाकीचं बोट गमावण्याची पाककृती आहे.

हिशेब असा. इरिडियम-१९२ च्या १ क्युरीला (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप) १ मीटरवर ताशी साधारण ५ मिलीसिव्हर्ट. कॅमेऱ्यात ४० क्युरी धरा : १ मीटरवर ताशी २०० मिलीसिव्हर्ट. अंतर दहापट कमी झालं की रेट शंभरपट वाढतो. १० सेंटिमीटरवर ताशी २० सिव्हर्ट, १ सेंटिमीटरवर ताशी २,०००. म्हणजे सेकंदाला अर्ध्या ग्रेहून जास्त. ट्यूब मुठीत धरली तर दहा सेकंदांत बोटांना ५-६ ग्रे. त्याच वेळी छातीवरचा बॅज अर्ध्या मीटरवर : ताशी ८०० मिलीसिव्हर्ट, दहा सेकंदांत २.२ मिलीसिव्हर्ट. कामगाराची वर्षाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २०, कुठल्याही एका वर्षात ३०. कागदावर तुम्ही सुखरूप, आणि बोटं भाजलेली.

या टीएलडी बॅजमधल्या चकत्या फक्त बेरीज साठवतात. २.२ मिलीसिव्हर्ट तीन महिन्यांत आले की दहा सेकंदांत, हे त्यांना सांगता येत नाही, आणि छातीवर लावलेला बॅज हाताबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून साइटवर आवाज करणारा पॉकेट डोसीमीटर आणि चालू सर्व्हे मीटर दोन्ही हवेत.

फसवणारी गोष्ट म्हणजे त्या क्षणी काही जाणवत नाही. ना गरम, ना दुखणं. ३ ग्रेच्या वर कातडी लाल होते, पण दोन-तीन आठवड्यांनी; १५-२० ग्रेला फोड येऊन पाणी सुटतं; २५ च्या पुढे मांस मरतं. उशिराचं कारण असं की वरच्या पेशी आधीच पिकलेल्या असतात. मरतात त्या खालच्या, ज्यांनी पुढच्या थरासाठी वाढायचं होतं. तोवर माणूस ती घटना विसरलेला असतो आणि डॉक्टर ॲलर्जी समजून मलम देतात. तुमच्या हाताबाबत असं काही झालं असेल तर तारीख, वेळ, त्या दिवशीची सोर्सची क्युरी आणि कुठल्या हाताने काय धरलं, हे आजच लिहून ठेवा.

सोर्स परत येत नाही असं दिसलं की आधी मागे व्हा. ४० क्युरीचा सोर्स उघडा असेल तर ताशी १० मायक्रोसिव्हर्टची रेषा जवळजवळ १४० मीटरवर पडते. दोरी तिथवर न्या. आरएसओला (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला) फोन करा आणि कुणी आत जात नाही ना, हे बघत उभे राहा. मीटर मोठ्या रेंजवर ठेवून लांबूनच चालू करा. साध्या गायगर नळीची एक खोड आहे : रेट फार झाला की ती गुदमरते आणि काटा शून्याकडे येतो. जाताना आकडा वाढत होता आणि अचानक पडला, तर ते सुरक्षित झाल्याचं नव्हे, उलट लक्षण आहे. काढण्याचं काम प्रशिक्षित माणसांनी लांब चिमट्यांनी, शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टाकून आणि आधी कोरडी तालीम करून करायचं. १ मीटरवर मिनिटाला ३.३ मिलीसिव्हर्ट, म्हणजे वर्षाचे २० सहा मिनिटांत. २ मीटरवर चोवीस मिनिटं मिळतात. तालमीला लागणारा वेळ आणि ही मिनिटं शेजारी शेजारी लिहूनच माणूस आत पाठवायचा.

पूर्ण अंगावर डोस गेल्याची शंका असेल तर उलटी कधी झाली ते नोंदवा. एक-दोन तासांत झाली तर डोस २ ग्रेच्या वर असू शकतो. रक्तातल्या लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) मोजणी दर काही तासांनी लागते. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी १० मिली रक्त, ते साकळू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत, साधारण चोवीस तासांनी घ्यायचं, गोठवायचं नाही. सोबतच्या चिठ्ठीत डोस किती वेळात बसला हे लिहायलाच हवं. तपासणीत दोन मध्यबिंदू असलेली, चुकीची जोडलेली गुणसूत्रं मोजतात. तोच ग्रे मिनिटात बसला तर ती जास्त दिसतात, दोन दिवसांत पसरून बसला तर कमी. प्रयोगशाळेने चुकीचा आलेख लावला तर डोसचा अंदाज चुकतो.

डोस पसरण्याने जीव वाचू शकतो, याचं उदाहरण नोंदलेलं आहे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारात गेलेला सिझियम-१३७ चा सोर्स फोडला गेला आणि चार जण दगावले. त्यातल्या एका बाईचा डोस अंदाजे ५.७ ग्रे होता. तिचा नवरा सुमारे ७ ग्रे घेऊनही वाचला; तो घराबाहेर जास्त असायचा, त्याला डोस तुकड्यातुकड्यांनी बसला, असं त्याचं कारण दिलं जातं. अस्थिमज्जेला मधल्या मोकळ्या वेळात सावरायला सवड मिळाली. सोर्स मुठीत धरणाऱ्याला अशी सवड नसते.

प्रश्न : आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. बाहेरून शेक चालू आहेत, नंतर आतला शेक चार वेळा, प्रत्येकी ७ ग्रे. गणपतीत आठ दिवस साताऱ्याला नेलं तर चालेल का? आणि वॉर्डात एकीला पहिल्या वेळी मशीनवर १० मिनिटं लागली, तीन आठवड्यांनी चौथ्या वेळी १२. मशीन कमजोर झालंय का? (वाचक, दादर)

दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. मशीनमध्ये इरिडियम-१९२ असतं, त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस. रोज साधारण एक टक्का कमी. २१ दिवसांनी ८२ टक्के उरतं, म्हणून १० मिनिटांची १२ होतात. डोस तेवढाच जातो. सोर्स साधारण तीन महिन्यांनी बदलतात आणि मग वेळ एकदम निम्म्याच्या आसपास येतो. १० ऐवजी २० मिनिटं लागली तरी ट्यूमरवरच्या परिणामात दोन-तीन टक्क्यांचाच फरक, कारण दुरुस्तीला लागणारा वेळ त्याहून बराच मोठा आहे.

पूर्वी हाच आतला शेक सिझियमने, ताशी अर्धा ते दोन ग्रे अशा मंद रेटने, दोन-तीन दिवस झोपवून देत. आताचा रेट ताशी १२ ग्रेच्या वर. जुना एकूण डोस नव्या रेटने दिला असता तर मूत्राशय आणि गुदाशयाला भोकं पडली असती, कारण अशा ऊतकांत वर सांगितलेलं वर्गाचं पद वजनदार असतं. म्हणून डोस कमी करून चार भागांत तोडला. इथेच डॉक्टर आत गॉज का ठासून भरतात तेही कळेल. गुदाशयाला पूर्ण ७ ग्रे गेले तर चार वेळांचा परिणाम रोज २ ग्रेने दिलेल्या ५६ ग्रेएवढा होतो. गॉजने तो थोडा मागे ढकलून ७० टक्के, म्हणजे ४.९ ग्रे, जाऊ दिले तर ३१ ग्रे. डोस तीस टक्क्यांनी कमी, परिणाम पंचेचाळीस टक्क्यांनी. गॉज भरताना होणारा त्रास खरा असतो. दुखण्याचं औषध मागा, पण "थोडं कमी भरा" म्हणू नका.

आता गणपती. नेऊ नका. मधला वेळ निरोगी ऊतकांच्या उपयोगी पडतो तसा ट्यूमरच्याही पडतो; काही आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी भरभर वाढायला लागतात. या कॅन्सरमध्ये बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवायचा असतो आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते. आठ दिवस म्हणजे किती, ते मांडून बघा. शनिवार-रविवारची सुट्टी आधीच हिशेबात धरलेली असते. ताप किंवा रक्त कमी झाल्यामुळे खाडा झालाच तर तो भरून काढण्यासाठी एका दिवशी दोन शेक देता येतात, मात्र दोन्हींत किमान सहा तास हवेत. हे अंतर दुरुस्तीसाठी असतं. लोकल पकडायची म्हणून चार तासांवर आणायचा आग्रह धरू नये.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात लिहिलंय की मंद रेटने मिळालेल्या डोसचा कॅन्सरचा धोका निम्मा धरावा. केरळच्या किनाऱ्यावर तर लोक पिढ्यान् पिढ्या किरणांत राहतात. मग धोका निम्मा की शून्य? (विद्यार्थी, माटुंगा)

"निम्मा" हा मोजलेला आकडा नाही, ठरवलेला आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांना डोस क्षणात मिळाला. त्यांच्यावरून काढलेला धोका मंद डोसला लावताना दोनाने भागावं, असं आंतरराष्ट्रीय आयोग १९९१ पासून म्हणतो आणि २००७ मध्येही त्याने ते कायम ठेवलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २००६ मध्ये दीड वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेने फुकुशिमाच्या २०१३ च्या अहवालात भागलंच नाही, आणि जर्मनीच्या किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०१४ मध्ये हा भागाकार सोडून द्यावा असं सांगितलं.

भागाकाराच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा प्राण्यांचा. १९५८ मध्ये विल्यम रसेल यांनी उंदरांवर दाखवलं की मिनिटाला ९० रॉन्टजेनऐवजी (रॉन्टजेन हे किरणांचं जुनं माप) तोच डोस आठवड्यांवर पसरला तर जनुकीय बदल साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात. माणसांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुउद्योग कामगारांचा २०२३ चा अभ्यास १ ग्रेमागे घन ट्यूमरने (रक्ताचे सोडून गाठींच्या कॅन्सरने) मृत्यूचा धोका ५२ टक्क्यांनी वाढतो असं सांगतो. जपानच्या आकड्यापेक्षा तो कमी नाही. रशियात १९४९ नंतर तेचा नदीत किरणोत्सारी सांडपाणी सोडलं गेलं. तिच्या काठच्या गावांतही डोसबरोबर कॅन्सर वाढलेला दिसतो, आणि तिथेही डोस वर्षानुवर्षं पसरलेला होता.

केरळमध्ये करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे आणि तिच्यात थोरियम. घराबाहेरची मध्यम पातळी वर्षाला ४ मिलीग्रे, काही ठिकाणी ७० पर्यंत. तिथल्या सुमारे सत्तर हजार लोकांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवून २००९ मध्ये निष्कर्ष आला : कॅन्सरमध्ये वाढ नाही. मात्र त्या निष्कर्षाची अनिश्चितता १ ग्रेमागे उणे ५८ ते अधिक ४६ टक्के एवढी रुंद होती. त्यात शून्य बसतं, आणि जपानच्या आकड्याचा अर्धा भागही आरामात बसतो. म्हणून केरळवरून "धोका नाही" असं ठासून म्हणणारा आणि तेचावरून "भागाकार खोटा" म्हणणारा, दोघेही पुराव्यापेक्षा चार पावलं पुढे धावताहेत. आमचं मत विचाराल तर कामगारांचे नियम ठरवताना एकाने भागणं शहाणपणाचं. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातलंच लिहा.

एक अपवाद विसरू नका. अल्फा कण आणि न्यूट्रॉन यांची एकच वाट इतकी दाट असते की दुहेरी तुकडे शेजारी शेजारी पाडायला दुसऱ्या वाटेची गरज लागत नाही. तिथे रेट मंद करून फायदा नाही. फुप्फुसातला रेडॉन याच जातीचा.

प्रश्न : "फ्लॅश" रेडिएशनमध्ये रेट हजारपट जास्त आणि दुष्परिणाम कमी, असं ऐकलं. हे तर वरच्या सगळ्याच्या उलट झालं! (वाचक, खारघर)

उलटच आहे. नेहमीच्या मशीनचा रेट मिनिटाला काही ग्रे; फ्लॅशचा सेकंदाला ४० ग्रेच्या वर. उंदरांच्या फुप्फुसांवर २०१४ मध्ये दिसलं की एवढ्या रेटला निरोगी ऊतक वाचतं, ट्यूमर मात्र तितकाच मरतो. स्वित्झर्लंडच्या लोझानला एका रुग्णाच्या कातडीवरच्या ट्यूमरला १५ ग्रे ९० मिलीसेकंदांत देऊन झाले. दुरुस्तीची मिनिटं-तास ही घड्याळं इथे चालतच नाहीत. खेळ पाण्यातून तयार होणाऱ्या रासायनिक कणांचा आणि ऑक्सिजनचा असावा, पण यंत्रणेवर एकमत नाही. मिलीसेकंदांत डोस अचूक मोजणं हीच मोठी अडचण आहे, कारण नेहमीचे आयन चेंबर एवढ्या रेटला कमी मोजतात. सुरुवातीच्या मोजमापांसाठी फिल्म वापराव्या लागल्या. तुमच्या खारघरला २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतो, पण प्रोटॉन म्हणजे फ्लॅश नव्हे; प्रोटॉनही नेहमीच्या रेटनेच दिले जातात. कुणी फ्लॅशच्या नावाखाली पैसे मागत असेल तर तो मंजुरी मिळालेल्या चाचणीचा भाग आहे का, हे लेखी मागा.